राखणपुडी

त्या पुस्तकांवरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी शेताच्या वाटणीवरूनही झाली नसतील. आज सांगितलं तर माझी मुलं हसतात. त्यांच्या कपाटात ती अख्खी मालिका नव्या चकचकीत आवृत्तीत उभी आहे आणि त्यांना तिचा कंटाळाही येऊन गेला आहे. आमच्या गावात तेव्हा एकच संच होता. गाव सावली या तालुक्याच्या ठिकाणाअलीकडचं, धानाच्या बांध्यांनी, म्हणजे भातखाचरांनी, वेढलेलं. नाव लिहीत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून आहेत आणि सणावाराला मला भेटतात. नागपूरहून बदलून आलेल्या वैद्य मॅडमनी ती पुस्तकं शाळेसाठी आणली होती. मालिकेचं नाव ‘पाणदरवाजा’. तीन भावंडं आजोळच्या विहिरीत वाकून बघतात आणि पाण्यातल्या दारातून दुसऱ्याच मुलखात जातात, तिथे मासे बोलतात, झाडं जागा बदलतात आणि जळराणी नावाची एक बाई घरोघरची तान्ही मुलं उचलून नेते. मॅडम पहिला भाग वर्गात मोठ्यानं वाचायच्या. शेजारच्या राईस मिलचा धडधडाट चालू असायचा आणि तरी वर्गातलं एकही पोर हलायचं नाही.

बाबांना ती पुस्तकं डोळ्यांसमोर नको होती. बाबा पलीकडच्या गावच्या शाळेत मास्तर होते, पण लोक त्यांना ओळखायचे ते त्यांच्या रविवारच्या कार्यक्रमांमुळे. जादूटोणा, करणी, भानामती हे सगळं थोतांड आहे हे सांगत ते गावोगाव फिरायचे. त्यांची एक खाकी पिशवी होती. तिच्यात आपोआप पेटणारा नारळ, लाल पाणी सोडणारं लिंबू आणि जिभेवर जाळायचा कापूर असायचा. घरभर त्या कापराचा वास. सुटीच्या दिवशी पिशवी धरायला मी बरोबर जायची. बाबांनी जळता कापूर जिभेवर ठेवला की बाया तोंडाला पदर लावायच्या आणि माझी मान ताठ व्हायची. एक गंमत मला तेव्हाच कळली होती. घरी आमच्यासारखंच झाडीपट्टीचं बोलणारे बाबा माईक हातात आला की एकदम पुस्तकातलं बोलायला लागायचे. आई त्यांची नक्कल करायची, ‘बंधूंनो आणि भगिनींनो, आज वरण अळणी झालेले आहे.’

पुस्तकाचा दुसरा भाग माझ्या दप्तरात सापडला त्या दिवशी मात्र ते पुस्तकी बोलले नाहीत. “आमी गावोगाव सांगून राह्यलो का मंत्रानं काई होत नाई, आन माह्याच घरात पोट्टी मंत्राची पोथी वाचून राह्यली. लोक काय म्हनन मले?” आई चुलीपाशी लाखोरीची डाळ घोटत होती. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. “वाचू द्या न जी. काम करून वाचते ते. तुमच्या भाषनात तं लोक झोपते, हे वाचताना जागी तं राह्यते.” बाबांनी ताट सरकवलं आणि ते न जेवताच उठले.

भांडण घरात राहिलं असतं तर बरं झालं असतं. पालकसभेत बाबा उभे राहिले आणि मॅडमना म्हणाले की ही पुस्तकं परत पाठवा. मॅडम तरुण होत्या, बोलायला पक्क्या होत्या. त्या म्हणाल्या, “सर, चमत्कार आणि कल्पना यात फरक असतो. मुलांना तो कळतो.” बाबा म्हणाले, “तो फरक तुमच्या नागपुरात कळत असन मॅडम. इथी त्याच्यावरून बाईले झाडाले बांधून मारते.” मग कोणी म्हणालं, पोरं वाचते हेच काय कमी आहे. कोणी म्हणालं, सगळं इंग्रजांचं खूळ. कोपऱ्यात हमीदचाचा बसले होते. बसस्टँडजवळ त्यांचं जिल्दसाजीचं दुकान होतं आणि शाळेची फाटलेली पुस्तकं तेच बांधून द्यायचे. ते म्हणाले, “गुरुजी, जादू तं आमच्यात बी हराम हाये. पन हा तं किस्सा हाये न जी. मी जिल्द बांधता बांधता दोन भाग वाचले. जरा लंबा हाये, येवढंच.” लोक हसले आणि पुस्तकं कपाटात राहिली. पुढचे दोन-तीन महिने गावात जणू दोन पक्ष पडले होते, बाबांचा आणि मॅडमचा. आता या वयात मला वाटतं की बाबांचं बोलणं खोटं नव्हतं. त्याचाच मला जास्त राग येतो.

यमुनाबाईला या भांडणातलं काहीच माहीत नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं. आमच्या गल्लीच्या टोकाला तिची मुरमुऱ्यांची भट्टी होती. नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती, एकुलती मुलगी पार सिरोंचाकडे दिलेली, त्यामुळे ती एकटीच राहायची. सकाळी भट्टी पेटली की गल्लीभर तापलेल्या वाळूचा आणि भाजक्या तांदळाचा वास पसरायचा. कढईत तांदूळ पडले की तडतड असा आवाज सुरू व्हायचा, मग तो एकदम वाढायचा आणि तेवढ्याच लवकर थांबायचा. शाळा सुटली की मी तिच्याकडे. ती मूठभर गरम मुरमुरे तिखट-मिठात घोळून हातावर टाकायची आणि बदल्यात मी तिला फुटाण्यांच्या पुड्या बांधू लागायची. तिची पुडी गावात वेगळी ओळखू यायची. कागदाला आतून एक उलटी घडी आणि वरून लाल दोऱ्याचे आडवे तीन वेढे, गाठ न मारता टोक आत खोचलेलं. आपटली तरी सुटायची नाही. ती घडी मला जमावी म्हणून तिनं चार दिवस माझ्यामागे टुमणं लावलं होतं. “हात हाये का पाय हाये वो तुहा?” म्हणून ओरडायची आणि पुन्हा दाखवायची.

मालिकेच्या तिसऱ्या भागात मोठी बहीण तिच्या धाकट्या भावासाठी राखणपुडी करते. जळराणीनं त्याला नेऊ नये म्हणून त्याचं नाव कागदावर लाल शाईनं लिहायचं, त्यात त्याचा एक केस आणि सात दाणे ठेवायचे, पुडी बांधून त्याच्या उंबऱ्याखाली पुरायची. जोवर पुडी तिथे आहे तोवर जळराणीला तो उंबरा ओलांडता येत नाही. ते प्रकरण मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले. आमच्या शेजारी पुष्पाकाकू राहायची. तिचा चिंटू आठ-नऊ महिन्यांचा होता. मला भावंड नव्हतं, त्यामुळे शाळेचा वेळ सोडला तर तो माझ्याच कडेवर असायचा. त्या हिवाळ्यात त्याला सारखा ताप यायचा. हिवताप आमच्याकडे घरोघर, गोळ्या दिल्या की उतरायचा आणि आठवड्यानं पुन्हा चढायचा. पोर सुकून गेलं होतं. मी विचार केला, पुस्तकातली बहीण करते तर आपण का नाही. खरं सांगायचं तर जादूवर माझा विश्वास होता असंही नाही. कापराची युक्ती माहीत असलेली पोरगी मी. पण कोणासाठी तरी काही करावं असं वाटतं तेव्हा विश्वास आहे की नाही हे कोण विचारतं? यमुनाबाईकडून दोरा घेतला, बाबांच्या लाल पेनानं नाव लिहिलं, चिंटूच्या जावळातला एक केस घेतला, सात तांदूळ घातले. दुपारी पुष्पाकाकू बांधीत गेली असताना उंबऱ्याजवळची माती उकरून पुडी पुरली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. पुडी अर्थातच मी तशीच बांधली जशी मला बांधता येत होती.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी पुष्पाकाकू दारापुढे सारवायला बसली आणि तिच्या हाताला पुडी लागली. चिंटूला आदल्याच दिवसापासून पुन्हा ताप होता. तिची किंकाळी ऐकून मी ताटावरून उठले. बाहेर येऊन बघते तर ती दारात बसून होती, शेण माखलेले हात हवेत धरलेले, आणि समोर मातीत माझी पुडी उघडी पडलेली. केस, तांदूळ, लाल अक्षरात लेकराचं नाव. आमच्या मुलखात याचा एकच अर्थ होतो, आणि तो मला इतक्या वर्षांत कोणी शिकवला नव्हता असं मुळीच नाही. बाबांच्या पिशवीमागे फिरताना मी तो शंभर वेळा ऐकला होता. पुस्तक वाचताना तो एकदाही आठवला नाही. गर्दी जमायला वेळ लागला नाही, आणि गर्दीतल्या एका म्हातारीनं पुडी बघून सरळ सांगितलं, “हा दोरा कोनाचा हाये ते पोट्ट्यालेबी समजते. हे घडी यमुनीची हाये.”

तिला भट्टीवरून ओढत आणलं. तिच्या लुगड्याला राख होती. काय चाललं आहे ते समजून घ्यायचा ती प्रयत्न करत होती. चिंटूचा बाप म्हणाला, “उचल. आन वापस घे. नदीवर जा, डुबकी मार, आन सगळ्यायसमोर म्हन का वापस घेतली.” ती म्हणाली, “मी ठेवलीच नाई तं वापस कशी घेऊ गा?” कोणीतरी तिला ढकललं. ती पडली आणि तिच्या कोपराचं कातडं निघालं. मी आईच्या मागे उभी होते. मी पुढे झाले नाही. तेवढ्यात सायकलवरून बाबा आले. त्या दिवशी माझे बाबा फार शूर होते, हे मला लिहिलंच पाहिजे. ते तिच्यात आणि लोकांच्यात उभे राहिले. कागद उचलला आणि सगळ्यांना दाखवला. “यमुनाबाईले लिहता येते का? अंगठा लावते ते. मंग हे नाव कोनं लिहलं? दोरा तं घराघरात हाये तिच्या पुडीचा. अक्षर कोनाचं ते पाहा.” लोक चाचरले. कोणीतरी म्हणालं, कोणाकडून लिहून घेतलं असेल. बाबा म्हणाले, “मी मास्तर हावो. पंचक्रोशीतल्या पोट्ट्यायचे अक्षर माह्या हाताखालून गेले. मले दोन दिस द्या. अक्षर कोनाचं हाये ते मी सांगतो. तोवर तिले हात नाई लावाचा.” आणि कागद खिशात घातला. लोक पांगले. यमुनाबाईनं बाबांच्या पायाला हात लावला.

संध्याकाळी आई गोठ्याकडे गेली तेव्हा मी बाबांना सांगितलं. सगळं सांगितलं, पुस्तकातलं प्रकरण, केस, दोरा, लाल पेन. ते पाटावर बसले होते, कागद त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी मान वर केली नाही. मी सांगायच्या आधीच त्यांना माहीत होतं. माझ्या वह्या तेच तपासायचे, माझ्या ‘च’चं पोट नेहमी रिकामं राहतं म्हणून किती वेळा कान पिरगाळला होता. मला वाटलं आता मार बसणार. मार बसला असता तर मी तो आनंदानं खाल्ला असता. बाबा म्हणाले, “ही गोष्ट तू कोणालाही सांगायची नाहीस. आईलासुद्धा नाही. यातून काय अनर्थ होईल याची तुला कल्पना नाही. माझं इतक्या वर्षांचं कार्य आहे.” घरात, माझ्याशी, ते माईकवरची भाषा बोलत होते. मी विचारलं, “आन यमुनाबाई?” ते म्हणाले, “तिचं मी बघतो. प्रबोधनाने प्रश्न सुटतात.” मग त्यांनी पिशवीतली काडेपेटी काढली आणि कागद जाळला.

दोन दिवसांनी चावडीपुढे त्यांनी लोकांना सांगितलं की कागद भिजलेला होता, अक्षर ओळखू येत नाही. त्यानंतर तासभर भाषण दिलं. नारळ पेटवला, लिंबू कापलं, कापूर जिभेवर ठेवला. पिशवी मीच धरली होती. भाषण चांगलं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, घरी गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून यमुनाबाईच्या भट्टीवर कोणी फिरकलं नाही. मारायचं नाही हे लोकांनी बाबांचं ऐकलं होतं. तिच्याकडून मुरमुरे घ्यायचं बंधन मात्र कोणी घातलं नव्हतं. तिच्या दारावरून जाताना बाया लेकरांची तोंडं पदराखाली घ्यायच्या. हमीदचाचा तेवढे रोज सायकल थांबवून फुटाणे घ्यायचे, सगळ्यांना दिसेल असे खात खात जायचे. चिंटूचा ताप गोळ्यांनी उतरला, तेव्हा लोक म्हणाले की पुडी निघाली म्हणून उतरला.

एका माणसाला मात्र विचारण्यासारखं होतं. गावात तिसरा भाग वाचलेलं मोठं माणूस कोण होतं? बाबांनी तर एकही भाग वाचला नव्हता, ते न वाचताच विरोध करत होते. वैद्य मॅडमनी वाचला होता. केस, सात दाणे, लाल शाई, उंबरा हे ऐकल्याबरोबर त्यांना कळलं असणारच. मी वर्गात त्यांच्याकडे बघत बसायची. त्यांनी फळ्याकडे तोंड करून सांगितलं, “गावात जे झालं त्याबद्दल वर्गात कोणी बोलायचं नाही.” त्याच आठवड्यात कपाटातून तिसरा भाग नाहीसा झाला. पहिला, दुसरा, चौथा जागेवर होते. त्या पुस्तकांवरून तीन महिने एकमेकांशी तावातावानं भांडलेल्या त्या दोन शिकलेल्या माणसांचं एवढ्या एका गोष्टीत एकमेकांना न विचारता एकमत झालं. मॅडम जूनमध्ये बदली घेऊन गेल्या.

यमुनाबाई पौषात गेली. मुलीकडे. तिनं कढई आणि चाळण्या पोत्यात बांधल्या होत्या आणि ती बसची वाट बघत ओट्यावर बसली होती. मी शाळेला जाताना तिच्या दारात थांबले. काय बोलायचं ते मी पाठ करून गेले होते. तिनं मला बोलू दिलं नाही. “पहिल्याच दिवशी वळखली मी,” ती म्हणाली. “हे घडी मी दोघीलेच शिकवली. एक माह्या पोरीले, ते तिकडं दूर. दुसरी तुले. मातीत पडली व्हती तवाच वळखली. बोलली नाई. म्हटलं मास्तरची पोरगी हाये, मास्तर सांगन. त्यानं दोन दिस मांगतले व्हते. मी दोन दिस थांबली.” मग ती थोडं हसली. तसं हसणं मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. “अक्षर वळखू येत नाई म्हनला तुहा बाप. मंग शाळेत काय शिकवते वो तो?” मी रडायला लागले तशी तिनं हातानंच मला दूर केलं. “जा इथून. माह्या दारात उभी नको राहू. कोनं पाहिलं तं तुले बी नाव ठेवन.” तिनं मला माफ केलं नाही. माणसं अशा वेळी माफ करतात असं मी पुढे पुस्तकांत खूप वाचलं. यमुनाबाईनं केलं नाही, आणि तिनं केलं असतं तर मला ते आवडलं नसतं.

बाबा ही हकीकत पुढे वीस वर्षं भाषणात सांगत राहिले. त्यात एक विधवा असते, एक पुडी असते, कोणातरी खोडसाळ माणसानं ती पुरलेली असते आणि एका शिक्षकाच्या धाडसामुळे त्या बाईचा जीव वाचतो. जीव वाचला हे खरंच आहे. त्यांच्या सत्काराला मी पहिल्या रांगेत बसून ती गोष्ट ऐकली आहे आणि टाळ्याही वाजवल्या आहेत. त्यांच्या शेवटच्या आजारपणात एकदा विचारावं असं मनात आलं होतं. पण ते थकले होते आणि मला भीती वाटली की ते पुन्हा तशाच भाषेत उत्तर देतील.

यमुनाबाई गाव सोडून गेली त्या वर्षी परीक्षा संपल्यावर बाबा कामानिमित्त वडशाला गेले होते. परत आले तेव्हा त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते माझ्या अंथरुणावर ठेवून ते हात धुवायला गेले. आईनं उघडलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. मालिकेचा पाचवा भाग होता, शाळेतही न आलेला. पहिल्या पानावर बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘चि. सुषमा हिस, वाचनाची आवड जोपासण्यासाठी.’ आई म्हणाली, “आता काऊन जी? येवढे भांडले तं होते.” बाबा म्हणाले, “शेवटी गोष्टीचं पुस्तक आहे ते.” त्यानंतर त्या पुस्तकांविरुद्ध त्यांनी कधी शब्द काढला नाही. मी ते पुस्तक दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं आणि आंब्याच्या झाडाखाली बसून जेवणाच्या हाका न ऐकता संपवलं. आईनं विचारलं कसं आहे, तर मी म्हटलं, चांगलं आहे. ते खरंच चांगलं होतं, आधीच्या सगळ्या भागांपेक्षा चांगलं, आणि वाचताना मला यमुनाबाई एकदाही आठवली नाही.